ईएमटी आणि नॅशनल रजिस्ट्री: काही महिने ॲम्ब्युलन्सवर काम केल्यानंतर

अमेरिकेत ईएमटी, म्हणजे ॲम्ब्युलन्सवर तातडीचे उपचार करणारा तंत्रज्ञ, व्हायचं तर आधी अभ्यासक्रम, मग नॅशनल रजिस्ट्री या देशपातळीवरच्या संस्थेची परीक्षा आणि शेवटी राज्याचं सर्टिफिकेशन. टेक्सासमध्ये हे तिन्ही करून मी आता ह्यूस्टनच्या परिसरात ॲम्ब्युलन्सवर शिफ्ट करते. मंडळातल्या काही मैत्रिणी, विशेषतः मुलं कॉलेजला गेलेल्या, याबद्दल विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगून टाकते: परीक्षा चांगली आहे, कारण ती पाठांतराला दाद देत नाही. आधी काय आणि नंतर काय, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारते. गाडीवर रोज तेच लागतं.

महाराष्ट्रात 2014 पासून धावणाऱ्या 108 च्या गाडीत डॉक्टर असतो. इथे नसतो. गाडीत मी आणि माझा जोडीदार. ॲम्ब्युलन्स संस्थेच्या वैद्यकीय संचालकांनी प्रोटोकॉल, म्हणजे कधी काय करायचं याचे नियम, आखून दिलेले असतात, पण रुग्णासमोर उभं राहून ते लावायचे आम्हीच. घरच्यांना हे समजावताना मला सगळ्यात जास्त वेळ लागला. ‘म्हणजे तू नर्स का?’ हा प्रश्न अजून येतो.

परीक्षा संगणकावर असते. 70 ते 120 प्रश्न, वेळ दोन तास. फी मी भरली तेव्हा 104 डॉलर होती. तुमच्या उत्तरांवरून संगणक पुढच्या प्रश्नाची काठिण्यपातळी ठरवतो आणि मागच्या प्रश्नाकडे परत जाता येत नाही. बरोबर उत्तरं देत गेलात की प्रश्न अवघड होत जातात, त्यामुळे चांगली तयारी असलेली माणसंही पडलेल्या चेहऱ्याने बाहेर येतात. तो चेहरा बघून कोणी निकालाचा अंदाज बांधू नये. 70 व्या प्रश्नाला स्क्रीन बंद झाला म्हणजे पास, ही समजूतही खोटी. तुम्ही पास होण्याच्या पातळीच्या वर आहात की खाली, याची संगणकाला खात्री पटली की तो थांबतो, दोन्ही बाजूंनी. नापास झालात तर 15 दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा जमलं नाही तर उजळणीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं.

आता प्रश्नांविषयी, कारण खरी गंमत तिथेच आहे. समजा, माणूस मिनिटाला सहाच श्वास घेतोय आणि ओठ निळे पडलेत. पर्यायांत पिशवीवाला ऑक्सिजन मास्क आहे, ज्यातून रुग्ण स्वतः श्वास घेतो, आणि हाताने बॅग दाबून श्वास देण्याचा बॅग-व्हॉल्व्ह मास्कही. घाईत पहिला पर्याय बरोबर वाटतो, कारण ऑक्सिजन द्यायचाच असतो. पण जो श्वासच पुरेसा घेत नाही, त्याच्या तोंडाशी कितीही ऑक्सिजन सोडला तरी तो आत जाणार कसा? आधी बॅग दाबून श्वास द्यायचा. घशात घुरघुर ऐकू येत असेल, तर त्याच्याही आधी सक्शन, म्हणजे घशात अडकलेलं ओढून काढणं. आणि मांडीतून रक्ताची चिळकांडी उडत असेल, तर या सगळ्याच्या आधी टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला आवळून बांधायचा पट्टा. चारही पर्याय योग्य असू शकतात, त्यांतला पहिला कोणता हे ओळखायचं असतं.

म्हणून तयारीसाठी माझा एकच आग्रह आहे. सरावाचं ॲप जरूर घ्या, पण उत्तर बरोबर आलं म्हणून पुढे सरकू नका. उरलेले तीन पर्याय या क्षणी का नकोत, ते वहीत लिहा. मी वापरलेल्या एका ॲपमध्ये नुसत्या व्याख्या विचारणारे प्रश्न फार होते. गुण छान मिळायचे, उपयोग थोडा. त्यापेक्षा वर्गात मैत्रिणीला पलंगावर झोपवून मोठ्याने बोलत केलेली तपासणी कितीतरी पटीने कामाला आली.

परीक्षा जे तपासत नाही, तेही सांगायला हवं. अरुंद जिन्यावरून जड माणूस उतरवणं, रेडिओवर हॉस्पिटलला थोडक्यात सगळं सांगणं, आणि प्रत्येक फेरीनंतरचा रिपोर्ट. रिपोर्टला लागणारा वेळ कोणी आधी सांगत नाही.

पण प्रश्नांचा क्रम अंगात भिनलेला असतो, तो टिकतो. एकदा मुलाकडे आलेल्या एका आजींच्या छातीत दुखत होतं आणि त्यांना मराठीच येत होतं. कधीपासून, कळ हातात किंवा जबड्यात जाते का, कशाची ॲलर्जी, गोळ्या कोणत्या, शेवटचं काय खाल्लं, हे सगळं शिकलेल्याच क्रमाने मराठीतून विचारलं. ‘बीपीची गोळी आहे बाई, पांढरी,’ म्हणाल्या. डबी मागवली, नाव वाचून जोडीदाराला सांगितलं. याहून जास्त तपशील देणं योग्य नाही. भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या गोळ्यांची यादी फ्रीजवर लावून ठेवा, एवढी विनंती मात्र करते.

रजिस्ट्रीचं प्रमाणपत्र हाती आलं म्हणजे लगेच गाडीवर चढता येत नाही. राज्याकडे वेगळा अर्ज, बोटांचे ठसे आणि पार्श्वभूमीची तपासणी असते. टेक्सासचं सर्टिफिकेशन चार वर्षांचं, रजिस्ट्रीचं दोन वर्षांचं. दोन्ही तारखा स्वतः लक्षात ठेवाव्या लागतात. रजिस्ट्रीच्या नूतनीकरणाला 40 तासांचं शिक्षण लागतं: 20 राष्ट्रीय विषयांचे, 10 स्थानिक आणि 10 आपल्या आवडीचे. माझे ते दहा तास मी बाळंतपण आणि नवजात बाळांसाठी ठेवलेत. गाडीवर असे प्रसंग क्वचितच येतात, आणि हाताला सवय राहावी असं मला वाटतं.