म्वासाक की फोंतने? एकाच मठाला वेळ असेल तर

फ्रान्समध्ये मध्ययुगीन मठाचा चौक बघायचाय आणि हाताशी एकच दिवस आहे, तर बहुतेकांची निवड शेवटी या दोन नावांवर येऊन अडते. दोन्ही जागतिक वारसा यादीत आहेत, त्यामुळे यादी बघून काही ठरत नाही.

आराखडा दोन्हीकडे जवळपास एकच. आपला चौसोपी वाडा डोळ्यांपुढे आणा: मधे उघडा चौक, भोवती खांबांचे सोपे, एका अंगाला चर्च. दोन्हीकडचे मठवासी संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीप्रमाणे राहायचे. रात्रीची एक आणि दिवसाच्या सात अशा आठ प्रार्थना, मधल्या वेळात काम आणि वाचन. वाचायची जागा म्हणजे हाच सोपा, आणि तिथे शक्यतो मौन.

म्वासाकचा चौक ११०० साली पुरा झाला, तसा लेख तिथल्या एका खांबावरच कोरलेला आहे. ७६ स्तंभशीर्षं, म्हणजे खांबांचे कोरीव माथे, त्यांतल्या निम्म्याहून जास्त शीर्षांवर कथा, बहुतेक बायबलमधल्या: सिंहांच्या गुहेतला दानिएल, हेरोदची मेजवानी, शिष्यांचे पाय धुणारा येशू. या शेवटच्या शीर्षापाशी जरा थांबाच. स्वयंपाकघरातली आठवड्याची पाळी संपली की शनिवारी तो मठवासी आणि नवी पाळी घेणारा, दोघं मिळून सगळ्यांचे पाय धुवायचे. नियमावलीत तसं सांगितलेलंच आहे. म्हणजे वर दगडात जे कोरलंय, तेच खाली माणसं दर आठवड्याला करत होती. एकोणिसाव्या शतकात रेल्वेमार्ग आला तेव्हा चौक वाचला, भोजनगृह मात्र पाडलं गेलं. गाड्या आजही अगदी लगत धावतात, ते मनाला लागतं.

फोंतनेची स्थापना १११८ साली क्लेअरव्हो मठाचा प्रमुख बर्नार यानं केली. सुमारे ११२५ च्या एका पत्रात त्यानं मठांच्या चौकांतल्या माकडं, सिंह, राक्षसांच्या शिल्पांवर टीकेची झोड उठवली होती. ग्रंथ सोडून माणूस दगडच वाचत बसेल, ही त्याची तक्रार. त्यामुळे इथे जोडखांब, साधी पानं आणि भरभक्कम कमानी, बस्स. पहिल्यांदा बघताना हे रिकामं वाटतं. पण ऊन दगडावरून सरकत जाताना थोडा वेळ बसून पाहा, मग कशाची उणीव भासत नाही.

दिनक्रम कळतो तोही इथेच. वरच्या मजल्यावर सगळ्यांचं मिळून एकच निजघर, तिथून जिना थेट चर्चमध्ये उतरतो. मध्यरात्री उठलं की अंधारात तेवढाच रस्ता. खाली सभागृह, तिथे रोज नियमावलीतला एक भाग वाचला जायचा. थोड्या अंतरावर लोहारकामाची लांबलचक इमारत. भोजनगृह इथेही उरलेलं नाही, पण बाकी बरंच शाबूत आहे.

प्रवासाचं म्हणाल तर पॅरिसहून फोंतने सोपं: वेगवान गाडीनं साधारण तासाभरात मोंबार, पुढे सहाएक किलोमीटर. तुलूजकडे जाणार असाल तर म्वासाक वाटेवरच आहे आणि तिथे गावातच स्टेशन आहे.

शिल्पांचं वेड असेल तर म्वासाकला पर्याय नाही. पण त्या भिंतींआड माणसं जगायची कशी, हा तुमचा प्रश्न असेल तर मी फोंतनेच सांगेन, आणि जमलं तर थंडीच्या दिवसांत. स्वयंपाकघर सोडलं तर अख्ख्या मठात आग पेटायची ती एकाच उबेच्या खोलीत. चौकातल्या गारठ्यातून त्या खोलीत पाऊल टाका, दोन मोठ्या चुली अजून तिथे आहेत.