कृत्रिम लॉनचं दुरुस्ती किट: कटर कामाचा, टेप बेताची

लॉनचा जोड उसवला, एखादी कड उचलली गेली किंवा मध्येच भोक पडलं, की बहुतेक जण तयार दुरुस्ती किट मागवतात. अशी किटं थोड्याफार फरकाने सारखीच असतात: स्वतः चिकटणारी, साधारण १५ सेंटिमीटर रुंदीची टेप, गोंदाची एक नळी, कटर, थोडे खिळे आणि हातात मावेल एवढा ब्रश. भिंतीकडेचा, कुणाच्या पायाखाली न येणारा वीतभर जोड बसवायला एवढं पुरतं. दारासमोर, झोपाळ्याखाली किंवा मुलं रोज धावतात तिथे या किटवर विसंबू नका.

अडचण टेपची आहे. कृत्रिम गवताची पाठ सपाट नसते. गवताची पाती तिच्यात टाके घालून शिवलेली असतात, त्या टाक्यांच्या रांगांमुळे तिच्यावर उंचवटे असतात, त्यावर लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा थर असतो आणि जुन्या लॉनवर धुळीचं पुटही बसलेलं असतं. टेपचा पातळ चिकट थर फक्त उंचवट्यांना टेकतो, खोलगट भाग कोरडाच राहतो. उन्हात हे गवत ६० अंश सेल्सिअसच्याही वर तापतं आणि पसरतं, रात्री आकसतं. रोजच्या या ओढाताणीत टेप हळूहळू सरकते आणि जोडावर फट दिसू लागते. शिवाय गवत एकदा टेकलं की ते हलवून नीट करायची सोय नाही.

त्याऐवजी बिनगोंदाची, ३० सेंटिमीटर रुंदीची जोडपट्टी, म्हणजे जोडाखाली अंथरायची पट्टी घ्या आणि त्यावर पॉलियुरेथेन गोंद दातेरी थापीने पसरा. दातांमुळे पडणाऱ्या रेघा पाठीच्या खोलगट भागात शिरतात. पकड येते ती त्यामुळेच. किटमधली नळी बहुधा एकघटकी, म्हणजे दुसरं काही न मिसळता वापरायच्या पॉलियुरेथेनची असते. हा गोंद हवेतला ओलावा घेऊन सुकतो आणि सुकताना फुगतो. जोडाच्या अगदी रेषेवर तो जास्त पडला, तर फेस वर येऊन पात्यांत अडकतो आणि मग कापण्यावाचून गत्यंतर राहत नाही. त्यामुळे रेषेच्या दोन्ही बाजूंना बोटभर जागा सोडून पसरा.

गोंदाआधीची तयारी हेच खरं काम. पात्यांमध्ये भरलेली वाळू जोडापासून फूटभर बाजूला सारा, दोन्ही कडा उलटून ठेवा, जुना गोंद खरवडा, पाठ पुसून कोरडी करा. मग जोड का उघडला ते बघा. खाली खड्डा असेल तर आधी बारीक खडी भरून ठोकून घ्या. पोकळीवर केलेला जोड पुन्हा उघडणारच. नवा तुकडा लावताना कारखान्यातून आलेली कड तशीच वापरू नका, टाक्यांच्या दोन-तीन रांगा काढून टाका. कापायचं ते पाठीकडून, दोन रांगांच्या मधून. या कामात किटमधला कटर खरंच चांगला चालतो, पण लॅटेक्सने पातं लवकर बोथट होतं, म्हणून बदलायची पाती जवळ ठेवा. बोथट पात्याने टाके उसवतात आणि कडेची गवताची पाती झडू लागतात.

गोंदाशिवाय एकदा मांडून बघा. दोन तुकड्यांमधलं अंतर टाक्यांच्या दोन रांगांमधल्या अंतराएवढंच हवं. घट्ट बसवलं तर उंच वळी येते, सैल सोडलं तर रेघ लांबूनही दिसते. पात्यांचा कल दोन्हीकडे एकाच दिशेला हवा. उलटा बसलेला तुकडा रंगाने वेगळाच वाटतो, त्यामुळे पाठीवर खडूने बाण काढून घ्या. ठिगळासाठी नवा रोल आणू नका. जुनं गवत उन्हाने फिकं झालेलं असतं आणि नवा तुकडा डोळ्यांना खुपतो. झाडाच्या कुंडीखालचा किंवा कोपऱ्यातला तुकडा कापून इथे लावा, नवा तुकडा तिकडे. ठिगळ गोल नको, टाक्यांच्या रांगांना धरून चौकोनी हवं.

कडा टेकवताना पाती बोटांनी मागे धरा, एका टोकाकडून सावकाश खाली सोडत जा आणि वर वाळूच्या पिशव्या ठेवा. २४ तास कुणीही त्यावर पाय देऊ नये.

भोक वितळल्यामुळे पडलं असेल तर ठिगळ लावायच्या आधी खिडक्यांकडे बघा. उष्णता परावर्तित करणाऱ्या काचा ऊन एकाच पट्ट्यात टाकतात आणि पॉलिथिलीनची पाती तिथे गोळा होतात. काचेबाहेर जाळी किंवा पडदा लावला नाही, तर नवं ठिगळही तसंच वितळेल.

किटमधले खिळे आखूड असतात. कडेसाठी १५ सेंटिमीटर लांबीचे, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे साधारण तेवढ्याच अंतरावर ठोका. पाती बाजूला करून डोकं पाठीला टेकेपर्यंतच, त्याहून खोल नको, नाहीतर खळगा पडतो. ब्रश नायलॉनचा असेल तरच वापरा, तारेचा ब्रश पाती फाडतो.

वाळू किटमध्ये नसते आणि तीच विसरली जाते. चौरस मीटरला ५ ते ७ किलो, धुतलेली, कोरडी, गोल कणांची सिलिका वाळू दोन-तीन थरांत टाका आणि दर थराला पात्यांच्या कलाविरुद्ध ब्रश फिरवा. बांधकामाची वाळू चालत नाही, कारण तिच्यातली माती पाठीवरची निचऱ्याची भोकं बुजवते.

तरीही किटच घ्यायचं असेल, तर नळीवरची मुदत तपासा आणि ती दाबून बघा. आत गाठी लागल्या तर गोंद आधीच सुकायला लागलाय, ते किट परत करा.