इंजेक्टर बदलल्यावर ट्यून डायनोवर की रिमोट?

टर्बो गाडीला मोठे इंजेक्टर (इंधन फवारणारे नोझल) बसवले की जुना मॅप (इंधन आणि टायमिंगची सेटिंग) चालतच नाही, ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) जुन्याच हिशोबाने ते उघडे ठेवतो आणि आयडलला गाडी रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त) होऊन काळा धूर सोडते. डायनोवर (गाडी जागेवर पळवून ताकद मोजणारं मशीन) ट्यूनर एकाच आरपीएमला लोड धरून ठिणगीचं टायमिंग थोडं थोडं वाढवतो, टॉर्क वाढायचा थांबला की तोही थांबतो, हे रस्त्यावर जमणं अवघड. रिमोटमध्ये लांब बसलेल्या ट्यूनरला लॉग (गाडी चालवतानाचा ईसीयूचा डेटा) पाठवा, नवी फाइल ईसीयूत फ्लॅश करा, परत लॉग, वेळ जातो पण कोल्ड स्टार्ट आणि ट्रॅफिकमधले फ्युएल ट्रिम (ईसीयू करतो ती इंधनाची बारीक दुरुस्ती) मस्त बसतात. ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) टाकणार असाल तर इंधन पेट्रोलपेक्षा साधारण ३० टक्के जास्त लागतं, तिथे मी डायनोच म्हणेन, फुल बूस्टला (टर्बोच्या पूर्ण दाबाला) गाडी लीन (इंधन कमी) झाली तर पिस्टन गेलाच समजा. बूस्ट स्टॉक असेल तर रिमोट बिनधास्त करा, फक्त वाइडबँड (हवा-इंधनाचं प्रमाण मोजणारा सेन्सर) आधी बसवा.