हेवी डिपॉझिटचे घर आणि दारावरचा डाग

लग्नानंतर पाचव्या महिन्यात माझ्या नवऱ्याची बदली झाली आणि ज्या शहरात ओळखीचे एकही माणूस नाही, अशा ठिकाणी आम्ही दोघे येऊन पडलो. दीड महिना कंपनीच्या गेस्टहाउसमध्ये काढला आणि तेवढ्या काळात पंधरा-सोळा घरे पाहिली. नव्या जोडप्याला घर मिळणे तसे अवघड नसते; "फॅमिली आहे, दोघेच आहेत" एवढे सांगितले की बहुतेक मालकांचा चेहरा खुलतो. अडत होते ते भाड्यापाशी. बारा-तेरा हजार भाडे दिल्यावर महिन्याअखेरीस हाती काही उरणार नव्हते आणि मला अजून नोकरी लागायची होती. म्हणून एजंटने "हेवी डिपॉझिट" हे शब्द उच्चारले, तेव्हा आमची सुटका झाल्यासारखेच वाटले.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. दरमहा भाडे द्यायचे नाही. त्याऐवजी मोठी अनामत रक्कम एकदम मालकाकडे ठेवायची आणि मुदत संपल्यावर घर सोडताना ती जशीच्या तशी परत घ्यायची. मुंबई-पुण्याकडे ही पद्धत जुनी आहे, ती मुळात बेकायदा नाही आणि अनेकांचे पैसे वेळेवर परतही मिळतात. आम्हांला सांगितलेली रक्कम पाच लाख रुपये होती. नवऱ्याची मुदतठेव मोडली, लग्नातल्या आहेराचे पैसे त्यात घातले आणि उरलेले सासऱ्यांनी त्यांच्या निवृत्तीच्या रकमेतून दिले.

मालक साठीच्या घरातले, शांत बोलणारे गृहस्थ होते. पहिल्याच भेटीत त्यांनी मला "पोरी" अशी हाक मारली आणि आम्ही त्यांना "काका" म्हणू लागलो. त्यांनी साडेतीन लाख बँकेतून आणि दीड लाख रोख मागितले. रोख का, असे नवऱ्याने विचारले तेव्हा मुलीच्या घरच्या एका कार्यासाठी हवे आहेत, असे ते म्हणाले. समोरचा माणूस वडिलांच्या वयाचा असला की दुसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायला जीभ रेटत नाही, हे मी तेव्हा शिकले.

आम्ही अगदी डोळे मिटून पैसे दिले असे मात्र नाही. काकांचे आधार कार्ड पाहिले, विजेचे बिल आणि घरपट्टीची पावती पाहिली, नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावर जाऊन खरेदीचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा, काढला. सगळीकडे त्यांचेच नाव होते आणि ते खरेही होते. काकांनी दाखवलेले खरेदीखत व सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट (घरमालक सोसायटीचा सभासद असल्याचा दाखला) यांच्या मात्र रंगीत झेरॉक्स होत्या. मूळ कागद बँकेत सुरक्षित आहेत, असे ते म्हणाले. ते खोटे बोलले नाहीत. कागद बँकेतच होते; फक्त लॉकरमध्ये नव्हते, कर्जाच्या फायलीत होते. घराचा मालक कोण, हे आम्ही नीट तपासले. त्या घरावर बोजा, म्हणजे कर्जाचा हक्क, कोणाचा आहे, हे तपासायचे असते, याची आम्हांला कल्पनाच नव्हती.

पुढे जे कळले ते खरे तर एका साध्या हिशेबातूनच कळायला हवे होते. पाच लाख रुपये मालकाने सात टक्क्यांनी बँकेत ठेवले, तर त्याला वर्षाला पस्तीस हजार मिळतात, म्हणजे महिन्याला तीन हजारांहून थोडे कमी. त्याच इमारतीत तेवढ्याच घराचे भाडे बारा हजार होते, म्हणजे वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस हजार. एवढ्या उत्पन्नावर पाणी सोडून जो पाच लाख उचलतो, तो एका अर्थी जवळजवळ २९ टक्के व्याजाने कर्ज काढत असतो. काही मालकांची तशी प्रामाणिक निकड असूही शकते. पण बँक ज्याला दारात उभी करत असेल, तो सहसा २९ टक्क्यांनी पैसे उचलायला जात नाही. आम्हांला वाटत होते की आपण बिनभाड्याचे घर मिळवले. प्रत्यक्षात आम्ही एका बुडत्या कर्जदाराला बिनतारण पाच लाख रुपये उसने दिले होते.

दुसरी चूक कराराची. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर अकरा महिन्यांचा करार टाइप झाला, नोटरीकडे सह्या आणि शिक्के झाले आणि एजंट म्हणाला, "वहिनी, अकरा महिन्यांच्या ॲग्रीमेंटला रजिस्ट्रेशन लागत नाही, उगाच खर्चात पडू नका." हा समज इतका सर्वदूर आहे की सुशिक्षित माणसेही तो छातीठोकपणे सांगतात. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नाही, ही १९०८ च्या केंद्रीय नोंदणी कायद्यातली तरतूद आहे, त्यातून हा समज आला असावा. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्याच्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरू देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, मग मुदत अकरा महिन्यांची का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. नोटरी फक्त सह्या कोणी केल्या याची साक्ष ठेवतो. सरकारी दप्तरी त्या कराराची नोंद होत नाही.

वाचवलेला खर्च तरी किती होता? मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि अनामतीवरचे दहा टक्के वार्षिक व्याज यांच्या बेरजेवर पाव टक्का लागते. भाडे शून्य, अनामतीचे व्याज पन्नास हजार, त्यावर पाव टक्का म्हणजे सव्वाशे रुपये. शहरातले नोंदणी शुल्क एक हजार. एजंटची मजुरी वेगळी धरली तरी दोन-अडीच हजारांत सगळे आटोपले असते आणि अंगठे घ्यायला माणूस यंत्र घेऊन घरी आला असता.

घरात पाऊल टाकले त्या दिवसाची एक गोष्ट सांगायलाच हवी. दाराच्या बाहेरच्या बाजूला, डोळ्यांच्या उंचीवर, वहीच्या पानाएवढा चौकोनी डाग होता. डिंक वाळून पिवळा पडला होता आणि वरच्या दोन कोपऱ्यांत कागदाचे फाटके तुकडे अजून चिकटून होते. एका तुकड्यावर निळ्या शिक्क्याची अर्धी गोल कड दिसत होती. मी गरम पाण्यात फडके भिजवून तो डाग अर्धा तास घासला, तरी पुरता गेला नाही. शेवटी नवऱ्याने आमच्या दोघांच्या नावाची नवी कोरी पाटी नेमकी त्याच्यावर ठोकली आणि "आता कळतही नाही" असे म्हणून दोन पावले मागे जाऊन पाहिले.

तळमजल्यावर सोसायटीचा फलक होता. त्यावर मेंटेनन्स थकवलेल्यांची यादी लावलेली असे आणि तीत आमच्या घराचा क्रमांक तिसरा होता. त्या फलकापुढे मी रोज उभी राहायचे ती पाण्याची वेळ वाचायला. यादी ही मालकांची बाब आहे, आपण भाडेकरू, असे म्हणून नजर पुढे सरकायची. शिवाय एजंटने आधीच बजावून ठेवले होते की सोसायटीत फार चौकश्या करू नका, नवे भाडेकरू कटकटे आहेत असा शिक्का बसतो, ओळखी मी करून देतो. हे वाक्य आमच्यावर अचूक लागू पडले. नव्या जागी आपल्याबद्दल चांगले बोलले जावे, शेजाऱ्यांनी आपल्याला आपले मानावे, ही ओढ आम्हांला इतकी होती की सेक्रेटरींना जाऊन "या घराचे काही प्रकरण आहे का?" असे विचारणे आम्हांला उर्मटपणाचे वाटले. माझ्या मते पैशाच्या मोहापेक्षा या ओढीनेच आम्हांला जास्त आंधळे केले.

आठ महिने बरे गेले. खालच्या मजल्यावरच्या काकू मला बाजाराला सोबत नेऊ लागल्या, मला एका शाळेत नोकरी मिळाली, घराला पडदे लागले. नवव्या महिन्यात एका दुपारी बेल वाजली. दारात बँकेचे दोन अधिकारी, तहसील कार्यालयातला एक माणूस आणि एक पोलीस हवालदार उभे होते. मालक कोठे आहेत, तुम्ही कोण, कधीपासून राहता, हे विचारून त्यांनी आमच्या पाटीखाली एक कागद चिकटवला. पंधरा दिवसांत घर रिकामे करावे, अन्यथा प्रत्यक्ष ताबा घेऊन कुलूप लावले जाईल, अशी ती नोटीस होती. मी हा कसला कागद म्हणून विचारले, तेव्हा अधिकारी थोड्या आश्चर्याने म्हणाले, "मॅडम, पहिली नोटीस आम्ही याच दारावर लावली होती. ती तुम्ही आल्यावर काढली का?"

रात्री वकिलांकडे गेलो तेव्हा सगळा क्रम उलगडला. काकांचे हप्ते थकल्यावर बँकेने सरफेसी कायदा, २००२ (थकलेल्या कर्जासाठी तारण मालमत्ता ताब्यात घेण्याचा अधिकार बँकांना देणारा कायदा) खाली त्यांना साठ दिवसांची मागणी नोटीस दिली होती. रक्कम न भरल्यामुळे बँकेने कागदोपत्री ताबा घेतला, त्याची सूचना दारावर लावली आणि वर्तमानपत्रांतही छापली. त्यानंतर प्रत्यक्ष ताब्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला. या प्रक्रियेला महिने लागतात, आणि त्या महिन्यांतच आम्हांला घर दिले गेले. मागणी नोटीस मिळाल्यानंतर कर्जदाराला बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता किंवा भाड्याने देता येत नाही, असे त्या कायद्याच्या कलम १३ मध्ये स्पष्ट आहे. त्यामुळे कर्जवसुली न्यायाधिकरणात जाऊन घरात राहण्याचा हक्क सांगण्याला काही आधार नव्हता. करार नोंदवलेला असता तरीही घर वाचले नसते, हे वकिलांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण पाच लाखांची रक्कम सरकारी दप्तरात लिहिलेली राहिली असती आणि मालकाला ती नाकारता आली नसती. आमच्या नोटरीच्या करारात एजंटने रोख दीड लाखाचा उल्लेखच केला नव्हता. "बँकेतून दिले तेवढेच लिहू, टॅक्सचा प्रश्न येतो," या त्याच्या म्हणण्यावर आम्ही मान डोलावली होती. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे असे कलम ५५ च सांगते, एवढाच काय तो आता आमच्या बाजूचा आधार आहे.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींना भेटलो. बँकेचे पत्र त्यांच्याकडे वर्षभरापासून होते आणि सोसायटीच्या दप्तरात त्या घरावर बोजाची नोंदही होती. "तुम्ही विचारलंच नाहीत," असे ते म्हणाले, आणि त्यात त्यांची काही चूक आहे असे मला अजूनही ठामपणे म्हणता येत नाही. खालच्या काकू मात्र रडल्या. "आम्हांला वाटलं, तुम्हांला ठाऊक असेल, म्हणून तर स्वस्तात घेतलंत. नव्या सुनेला पहिल्याच आठवड्यात असलं काही कसं सांगायचं?" आम्ही भिडेपोटी विचारले नाही आणि त्यांनी भिडेपोटी सांगितले नाही.

आता कोणी असे घर घेणार असेल, तर मी त्याला एवढेच सांगते की मालकाच्या नावाच्या पावत्या पाहून थांबू नका. मूळ शेअर सर्टिफिकेट हातात घेऊन पाहा. ते नसेल तर कोठे आहे ते विचारा आणि कर्ज असल्याचे मालकाने कबूल केले, तर बँकेचे लेखी संमतिपत्र मागा. पैसे देण्यापूर्वी, एजंटला न घेता, सोसायटीच्या कार्यालयात स्वतः जा. मेंटेनन्सची थकबाकी किती आणि बँकेचे पत्र आले आहे का, हे दोन प्रश्न विचारायला पाच मिनिटे लागतात. तारण मालमत्तांची सेरसाई नावाची केंद्रीय नोंदवही आहे आणि थोडे शुल्क भरून कोणालाही तिथे शोध घेता येतो. हे आम्हांला घर गेल्यावर कळले. रोख रक्कम एक रुपयाही देऊ नका, आणि दिलीच तर ती करारात आल्याशिवाय सही करू नका.

पोलिसांनी आधी ही दिवाणी बाब आहे असे सांगून परत पाठवले. वकिलांनी पहिल्या नोटिशीची तारीख आणि आमच्या कराराची तारीख शेजारी-शेजारी मांडून अर्ज दिला, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचा गुन्हा नोंदवला गेला. काकांना घर देताना नोटीस मिळालेली होती, हे त्या दोन तारखांतून आपोआप दिसत होते. एजंटने आपले काम घर दाखवण्यापुरतेच होते असा जबाब दिला. दारावरचा कागद कोणी फाडला, हे मात्र अजून कोणी सांगितलेले नाही.

आम्ही तेराव्या दिवशी सामान हलवले. सध्या दोन खोल्यांत भाड्याने राहतो आणि त्यांचा करार नोंदवलेला आहे. काकांनी आतापर्यंत साठ हजार रुपये दोन हप्त्यांत परत केले. गावाकडची जमीन विकली की उरलेले देतो, तोवर तक्रार मागे घे, असे ते फोनवर म्हणतात आणि अजूनही मला "पोरी"च म्हणतात. हे सगळे लेखी द्या, असे मी गेल्या महिन्यात त्यांना सांगितले. त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही.