चांगला हात अडवायचा की दोन्ही हात कामाला लावायचे?

ताई, तुमच्या लेकाला सेरेब्रल पाल्सीमुळे (जन्माआधी किंवा लहानपणी मेंदूला इजा झाल्यानं हालचालींत येणारा दोष) उजवा हात नीट वापरता येत नाही आणि दोन उपचार सुचवलेत. एकात चांगल्या हाताला हातमोजा किंवा प्लास्टर घालून अडवतात, दुसऱ्यात दोन्ही हातांना मिळून काम देतात.

तास सारखे दिले तर फायदा जवळपास सारखाच, असं अभ्यासांत दिसलंय. खरं औषध म्हणजे सराव: काही आठवड्यांत निदान ३०-४० तास. खर्चही तासांचाच. थेरपिस्टकडून शिकून बराचसा सराव घरी करता येतो. महागड्या यंत्रांच्या जाहिराती सोडून द्या.

फरक पडतो तो मुलाच्या मनात. माझी लेक पहिले दोन दिवस रडत मोजा दातांनी ओढायची. तिसऱ्या दिवशी दुबळ्या हातानं चुरमुरा उचलला, सांडला, पुन्हा उचलला. माझे डोळे भरून आले. पण डब्याचं झाकण उघडणं तिला जमलं ते दोन्ही हातांच्या खेळांतूनच.

मूल तो हात विसरूनच गेलं असेल आणि अडवणं सोसत असेल, तर चांगल्या हाताला हातमोजा. हात थोडाफार चालतो पण बटण लावताना मदतीला येत नाही, किंवा मूल फार चिडतं, तर दोन्ही हातांचा सराव.