बाथरूमचं कोटेशन वेळेत हवंय? कंपनी, ओळखीचा ठेकेदार, की आधी मापं काढून नुसते रेट मागायचे

पुण्यातल्या पंचवीस-तीस वर्षं जुन्या सोसायटीत राहत असाल तर बाथरूम फोडायची वेळ आज ना उद्या येतेच. खालच्यांच्या छताला ओल दिसते, मग ते लिफ्टमध्ये भेटले की आधी नमस्कार करायचे ते आता थेट "काय, आलं का कोटेशन?" विचारतात. आणि खरी अडचण तिथेच असते. काम करणारे शंभर मिळतील, पण काम किती रुपयांचं आहे हे कागदावर, सांगितलेल्या दिवशी देणारा माणूस मिळणं अवघड. मी गेल्या काही वर्षांत घरातली बाथरूमं आणि टेरेसचा एक तुकडा असं करून घेतलं, त्यात तीनही रस्ते वापरून झालेत, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. टाइल कुठली, पाइप कुठला हे तुम्हाला माहीतच असणार, त्यात जात नाही.

पहिला रस्ता कंपनीचा, म्हणजे वेबसाइटवर नंबर टाकला की तासाभरात फोन येतो तो. वेळेच्या बाबतीत यांना तोड नाही हे मान्यच करायला हवं. माणूस ठरलेल्या वेळेला येतो, लेझरने मापं घेतो, दुसऱ्या दिवशी पीडीएफ मेलवर हजर, थ्रीडी चित्रासकट. पण ती पीडीएफ नीट वाचली की लक्षात येतं की गळती कुठून आहे हे कोणी बघितलेलंच नाही, आणि खाली बारीक अक्षरात 'साइटच्या परिस्थितीनुसार बदल' असं एक वाक्य आहे ज्यात अख्खं बाथरूम मावतं. वर १८ टक्के जीएसटी वेगळा, कोटेशनची मुदत आठवडाभर, आणि ती संपायच्या आत रोज एक गोड आवाजाचा फोन. वॉटरप्रूफिंगची वॉरंटी देतात हा मोठा मुद्दा, पण मला मिळालेल्या कागदात तरी वॉरंटी केमिकल परत मारून देण्यापुरती होती, परत टाइल फोडायचा आणि लावायचा खर्च आपलाच. तुमच्या कागदात वेगळं असू शकेल, एकदा वाचून घ्या.

दुसरा रस्ता ओळखीचा ठेकेदार. शेजाऱ्यांचं काम केलेला, किंवा मेव्हण्याच्या ऑफिसमधल्या कोणाचा. हा माणूस येतो, बाथरूमच्या दारात उभा राहतो, नहाणी ट्रॅपपाशी बोटाने टाइल वाजवून बघतो आणि दोन मिनिटांत सांगतो की साहेब, इथून मारतंय, तिथलं काही नाही. आणि बहुतेक वेळा बरोबर असतो! कंपनीच्या लेझरवाल्या पोराला जे दिसलं नाही ते याला वासावरून कळतं. मग आपण म्हणतो, छान, तेवढं लिहून द्या. तो म्हणतो, "उद्या पाठवतो की व्हॉट्सॲपवर."

तो उद्या काही येत नाही. आणि माझं डोकं नेमकं इथेच फिरतं. उशिराचं मला फार वाईट वाटत नाही, आठ दिवस लागणारेत असं सांगितलं तर मी आठ दिवस थांबेन. पण तो नाही म्हणत नाही, हो म्हणत नाही, फोन केला की "अर्ध्या तासात टाकतो सर", मेसेज केला की निळ्या टिका आणि खाली हात जोडलेला इमोजी, त्यामुळे आपल्याला कळतच नाही की हा बिझी आहे, का याला काम नकोय, का हा आपण विसरायची वाट बघतोय. दुसऱ्याला बोलवावं तर वाटतं याचं आजच आलं तर? सोसायटीची परवानगी अडकलेली, कारण सेक्रेटरींना ठेकेदाराचं नाव आणि तारीख हवी, डिपॉझिट भरायचंय, आणि खालचे लिफ्टमध्ये रोज भेटतायत. माझ्या एका कामात तर चक्क कोटेशन शेवटपर्यंत आलंच नाही, माणूस मात्र दिवाळीच्या शुभेच्छा न चुकता पाठवतो.

आता त्याच्या बाजूनेही जरा बघितलं पाहिजे. एका बाथरूमचं नीट इस्टिमेट काढायचं म्हणजे त्याची एक संध्याकाळ जाते, दिवसभर साइटवर बिगारी आणि मिस्त्री सांभाळून झाल्यावर. त्याला अनुभवाने माहीत असतं की निम्मे लोक त्याचा आकडा घेऊन आपल्या नेहमीच्या माणसाला दाखवणार आणि भाव पाडून घेणार. शिवाय टाइल साध्या घेणार का महागड्या, कमोड भिंतीतला का जमिनीवरचा, गीझर तिथेच ठेवणार का हलवणार, हे आपलंच ठरलेलं नसतं. मग तो काय लिहिणार? कमी लिहिलं तर अंगावर येतं, जास्त लिहिलं तर काम जातं. त्यापेक्षा हात जोडलेला इमोजी परवडतो. आणि शेवटी कधीतरी आलंच तर एका ओळीत, 'बाथरूम कंप्लिट विथ मटेरियल' आणि पुढे एक गोल आकडा. त्याची तुलना कशाशी करणार हा आणखी एक प्रश्न.

तिसरा रस्ता यातूनच सापडला. इस्टिमेट मागायचंच नाही. मापं आणि कामाची यादी आपण तयार करायची, रेटचा रकाना रिकामा ठेवायचा आणि तेवढाच भरून मागायचा. सरकारी कामात हेच चालतं, सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची असते, निविदेत कामाच्या बाबी आणि त्यांची परिमाणं आधीच लिहिलेली असतात. घरच्या एका बाथरूमला एवढं कशाला असं मलाही पहिल्यांदा वाटलं होतं, पण ते वाटतं तितकं किचकट नाही.

समजा बाथरूम ७ बाय ५ फुटांचं आहे. चारही भिंतींची लांबी मिळून २४ फूट, टाइल ७ फुटांपर्यंत, म्हणजे १६८ चौरस फूट, त्यातून अडीच फुटी दाराचे साडेसतरा वजा, राहिले साधारण १५०. फरशी ३५. एकूण १८५ आणि कटिंग-तुटफूट दहा टक्के धरली की दोनशेच्या थोडं वर. एवढं गणित झालं की टाइल लावायची मजुरी स्क्वेअर फुटाने मागता येते आणि टाइल आपल्या आपण आणता येतात.

वॉटरप्रूफिंगचं माप मात्र जपून. एक जण फक्त फरशीचे ३५ फूट धरतो, दुसरा भिंतीवर फूटभर चढवून धरतो म्हणजे ५९ होतात (दाराचा उंबरा सोडून द्या), आणि खाली सन्कन स्लॅब असेल (म्हणजे बाथरूमपुरता खाली घेतलेला स्लॅब, वर भराव टाकून फरशी केलेला), भराव काढून परत करायचा असेल, तर त्याच्या बाजूच्या भिंती आणखी वेगळ्या. त्यामुळे ज्याचा फुटाचा रेट स्वस्त दिसतो त्याची एकूण रक्कम जास्त निघू शकते, आणि उलटंही. यादीत मापच लिहिलेलं असेल तर हा घोळ होत नाही, सगळे एकाच मापावर बोलतात. मी त्यात एक ओळ हमखास टाकतो: वॉटरप्रूफिंग झाल्यावर, टाइल लावायच्या आधी ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालच्या घरात जाऊन बघायचं. ही ओळ वाचून एक जण गळाला. बरंच झालं.

ज्यावरून नंतर भांडणं होतात त्या बारीक गोष्टीही यादीत घालायच्या. राडारोडा कोण उचलणार, गोण्या भरून खाली ठेवण्यापर्यंत का टेंपोने बाहेर नेण्यापर्यंत? लिफ्ट वापरता येत नसेल तर चढ-उताराची मजुरी? प्लंबिंग पॉइंटवर का एकरकमी? फिटिंग बसवायचे पैसे त्यात आहेत का वेगळे? दुपारी दोन ते चार सोसायटीत आवाज बंद असतो हेही लिहून टाका, कारण त्याची हजेरी तेवढीच वाढते आणि त्याला ते आधी कळायला हवं. जीएसटीसाठी एक वेगळी ओळ. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेला छोटा ठेकेदार बहुतेक वेळा नोंदणीकृत नसतो, मग त्याने कर लावायचाच नाही, पण कोणी लावला असेल तर त्याचा जीएसटी नंबर मागायला लाजू नका.

फरक काय पडला म्हणाल, तर जो माणूस इस्टिमेट द्यायला हात जोडत होता त्यानेच ही शीट टेंपोत बसल्या बसल्या भरून पाठवली. रेट त्याच्या तोंडावरच असतात हो, त्याला कंटाळा मापांचा आणि लिहिण्याचा. शीट बघून त्याला हेही कळतं की यांचं सगळं ठरलंय, हे खरंच काम काढणारेत. मी सोबत एवढंच लिहितो की शनिवारपर्यंत रेट आले तर बघतो, नाही आले तर यावेळी जमत नाही असं समजतो, पुढच्या कामाला नक्की सांगेन. राग नाही, लोभ असावा. या एका वाक्याने ती अधांतरी अवस्था संपते, मला तरी याचंच सुख जास्त.

मापं घेण्याचा आत्मविश्वास नसेल तर एखादा सिव्हिल इंजिनिअर पैसे देऊन एका व्हिजिटला बोलवा, काम न करणारा, फक्त बघून यादी करून देणारा. लोकांना हे पैसे फुकट गेल्यासारखे वाटतात. पण फुकटच्या कोटेशनमध्ये बघणाऱ्याचा वेळ नंतर कुठल्यातरी रेटमध्ये बसतोच की, आणि इथे त्या माणसाला आपल्याला काही विकायचं नसतं. गळतीचं निदान तोच करतो हा वरचा फायदा.

अर्थात सगळ्यांनी हेच करावं असं नाही. तुम्ही दुबईत किंवा अमेरिकेत आहात आणि फ्लॅट कोथरूडमध्ये, रोज जाऊन बघणारं कोणी नाही, तर कंपनीच बरी, निदान फोन उचलणारं माणूस असतं आणि फोटो येतात, जास्तीचे पैसे त्या निवांतपणाचे समजायचे. काम एखाद-दोन दिवसांचं असेल, चार टाइल बदलायच्या किंवा जाळी बसवायची, तर शीट वगैरे नाटकं नकोत, ओळखीच्या मिस्त्रीला हजेरीवर बोलवा आणि खर्ची देऊन मोकळे व्हा. आणि ज्यांचा ठेकेदार वर्षानुवर्षांचा आहे, ज्याच्याकडे घराची चावी देता येते, त्यांनी हे सगळं वाचून हसावं आणि त्यालाच फोन करावा.

वेळेबद्दल एक सांगतो, कुठलाही रस्ता घेतलात तरी. मे महिन्यात वॉटरप्रूफिंगवाल्याकडे आणि दिवाळीच्या आधी पेंटरकडे कोटेशन मागितलंत तर उशिराला त्याला बोल लावू नका, तेव्हा सगळ्या गावाला तेच हवं असतं. होळीला आणि छठला अर्धं लेबर गावी असतं. मला जानेवारी-फेब्रुवारीत उत्तरं सगळ्यात पटकन मिळालीत, आणि तेव्हा काम काढलं की पावसाआधी एकदा तपासूनही होतं.

सध्या आमच्याकडे स्वयंपाकघराचं निघालंय. ओट्याची मापं घेऊन ठेवलीत, ओटा रनिंग फुटात, डॅडो, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीवरच्या टाइल, स्क्वेअर फुटात, सिंकचं कटिंग वेगळ्या ओळीत. जुना कडप्पा ठेवायचा का ग्रॅनाइट टाकायचं यावर घरात मतदान सुरू आहे, ते ठरेपर्यंत शीट कोणालाच पाठवत नाही.