साध्या लग्नासाठी नोंदणी विवाह: एका साक्षीदाराचा अभिप्राय

लग्न थाटामाटात करावे की साधेपणाने, हा प्रश्न भाचीचे लग्न ठरले तेव्हा आमच्या घरातही आला. मानपान आणि आहेराच्या याद्या सुरू होण्याआधीच तिने व तिच्या जोडीदाराने विशेष विवाह कायदा, १९५४ अन्वये नोंदणी विवाह करण्याचे ठरवले. साक्षीदार म्हणून मी ही सेवा जवळून पाहिली आणि माझे मत तिच्या बाजूने आहे.

दोघांपैकी किमान एकाचे ज्या जिल्ह्यात नोटिशीच्या लगतपूर्वी निदान ३० दिवस वास्तव्य असेल, तेथील विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. त्यानंतर हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत विवाह झाला नाही तर सारे पुन्हा करावे लागते. वयाचे व पत्त्याचे पुरावे आधीच नीट तपासून ठेवावेत.

मला सर्वांत भावला तो प्रत्यक्ष विवाहाचा क्षण. विधी कोणता करावा हे कायदा जोडप्यावर सोडतो. मात्र विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर, आपल्याला समजणाऱ्या भाषेत, आपण एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत आहोत असे दोघांनी म्हणणे बंधनकारक आहे. मोठ्या कार्यालयांत शेवटच्या मंगलाष्टकाला निम्मे पाहुणे जेवणाच्या रांगेकडे वळलेले असतात. येथे मात्र भाचीचे ते मराठी वाक्य तिच्या आजीसह प्रत्येकाने स्पष्ट ऐकले, आणि लग्न म्हणजे हेच, असे मला मनापासून वाटले.

उणिवाही आहेत. खोली लहान होती, ज्येष्ठांना बसायला पुरेशा खुर्च्या नव्हत्या आणि पुढचे जोडपे दाराशी थांबल्यामुळे घाई झाली. त्याहून गंभीर बाब म्हणजे नावे व पत्ते असलेली नोटीस कार्यालयाच्या फलकावर लावली जाते. घरच्यांचा विरोध पत्करून लग्न करणाऱ्या मुलामुलींना त्यातून थेट धोका संभवतो. ही प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर असावी, असा निर्णय अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये दिला आहे. आमच्या येथे मात्र नोटीस फलकावर लागलीच. हा नियम बदलायला हवा.

प्रमाणपत्रावर दोघांच्या आणि तिन्ही साक्षीदारांच्या सह्या होतात, व तोच विवाहाचा निर्णायक पुरावा ठरतो.

ज्यांना आप्तांची उपस्थिती हवी आहे, त्यांनी केवळ तेवढ्यासाठी हा मार्ग सोडू नये. जादा शुल्क भरल्यास कार्यालयापासून वाजवी अंतरावरील अन्य ठिकाणीही विवाह लावण्याची तरतूद कायद्यातच आहे, त्यामुळे घरच्या अंगणात किंवा छोट्या सभागृहात वडीलधाऱ्यांना सन्मानाने बसवता येते. त्याची चौकशी नोटीस देतानाच करावी. आम्ही ती केली असती, तर आजीला उभे राहावे लागले नसते.